मर्केलबाईंनी दिलेला नकाशा

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. "जर्मनीच्या वाघिणीने चीनच्या राष्ट्राध्यक्षाला भर मेजवानीत थोबाडीत मारली!" पुढे तीन तिरंगे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे दोन पिवळे चेहरे. खाली मजकूर असा की अँगेला मर्केल यांनी शी जिनपिंग यांना चीनचा जुना नकाशा भेट दिला, त्यात तिबेटच नव्हता, आणि शी यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. सोबत नकाशाचा फोटो.

फोटो मोठा करून पाहिला. त्या नकाशात तिबेट होता. चांगला ठसठशीत, चीनच्याच रंगात.

म्हणजे थोबाडीत मारल्याचा आनंद साजरा करणाऱ्याने फोटो दुसऱ्याच नकाशाचा लावला होता. आणि गंमत बघा, हीच अदलाबदल तेव्हा खुद्द चीनमध्येही झाली होती. प्रकरण २०१४ चं आहे, जुनं आहे, पण दर वर्षा-दीड वर्षाने ते असं वर येतं आणि दर वेळी चुकीचंच येतं. म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

झालं ते असं. २८ मार्च २०१४. शी जिनपिंग युरोप दौऱ्यात बर्लिनला आले होते. मर्केलबाईंनी त्यांना एक पुरातन नकाशा भेट दिला. १७३५ सालचा, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. नकाशाकार फ्रेंच, झाँ-बाप्तिस्त द'आन्व्हिल. पण ही प्रत जर्मन प्रकाशकाने छापलेली, म्हणून जर्मन चॅन्सेलरने देण्यात औचित्यही होतं. चीनचा पहिला बऱ्यापैकी अचूक युरोपी नकाशा म्हणून तो ओळखला जातो.

त्यात काय होतं? ज्याला इतिहासकार 'मूळ चीन' म्हणतात तेवढा भाग. हान लोकवस्तीचे प्रांत. तिबेट नाही, शिनजियांग नाही, मंगोलिया नाही, मांचुरिया नाही. तैवान आणि हैनान ही बेटं आहेत, पण त्यांच्या कडा वेगळ्या रंगात.

आता चीनची अधिकृत भूमिका आठवा: तिबेट आणि शिनजियांग प्राचीन काळापासून आमचेच. आणि आठवा की २००७ मध्ये याच मर्केलबाई दलाई लामांना चॅन्सेलरीत भेटल्या होत्या, तेव्हा बीजिंगने काही महिने जर्मनीशी अबोला धरला होता. त्यामुळे हातात हा नकाशा ठेवल्यावर चिनी नेटकऱ्यांच्या भुवया उंचावणं साहजिकच होतं. काहींनी तर हा सरळ तिबेट-शिनजियांगच्या फुटीरतेला पाठिंबा आहे असाच अर्थ काढला.

पण चिनी माध्यमांनी जे केलं ते जास्त मजेशीर. शी यांच्या दौऱ्यातल्या बारीकसारीक गोष्टी छापणाऱ्या 'पीपल्स डेली'ने नकाशाचा विषयच टाळला. इतर काही ठिकाणी भेटीची बातमी आली, पण शेजारी चित्र भलत्याच नकाशाचं. १८४४ साली लंडनमध्ये हेन्री टीसडेल कंपनीने छापलेला, जॉन डाउअर या इंग्रज नकाशाकाराचा. त्यात चिंग साम्राज्य ऐसपैस पसरलेलं आहे. तिबेट, शिनजियांग, मंगोलिया आणि वर सैबेरियाचा भलामोठा तुकडा, सगळं आत. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं, मर्केलबाईंनी आमच्या राष्ट्राध्यक्षांना आमचं भव्य साम्राज्य भेट दिलं!

आमच्या ग्रुपवरचा फोटो हाच होता.

चूक असो की हुशारी, पण निवडीतला विनोद बघा. १८४४ म्हणजे पहिलं अफूयुद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झालेली. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग इंग्रजांच्या घशात गेलेलं. (ज्या अफूसाठी ते युद्ध झालं त्यातली बरीचशी माळव्यातून येऊन आपल्या मुंबई बंदरातून चढत होती, हेही जाता जाता. मुंबईतल्या कित्येक देखण्या जुन्या इमारतींच्या पायात तो पैसा आहे.) आज चीनमध्ये मुलांना शाळेत 'अपमानाचं शतक' शिकवतात ते इथूनच सुरू होतं. त्या अपमानाच्या ऐन तोंडाशी, अपमान करणाऱ्याच्याच राजधानीत छापलेला नकाशा चालला. का? तर तो मोठा होता. आणि १७३५ चा चालला नाही, जो खुद्द चिनी सम्राटाच्या हुकमाने झालेल्या मोजणीवर बेतलेला होता!

या मोजणीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ती आहे.

कांग्शी हा चिंग घराण्याचा मोठा बादशहा. औरंगजेबाचा समकालीन म्हणा, पण त्याच्यानंतरही १५ वर्षं जगला. त्याच्या दरबारी जेझुइट पाद्री होते. धर्मप्रसारासाठी आलेले, पण बादशहाला त्यांच्या धर्मापेक्षा त्यांच्या गणितात आणि खगोलात जास्त रस. १७०८ साली त्याने त्यांना कामाला लावलं. सुरुवात चीनच्या भिंतीपासून. मग प्रांतामागून प्रांत. अक्षांश घ्यायचे, त्रिकोण टाकत अंतरं मोजायची. दहा वर्षं हे चाललं आणि १७१८ च्या सुमारास साम्राज्याचा नकाशासंग्रह तयार झाला. त्या काळी अख्ख्या युरोपातही एवढ्या मोठ्या मुलखाची अशी मोजणी झालेली नव्हती. आपल्याकडे तर लॅम्टनने त्रिकोणमितीची मोठी मोजणी सुरू केली ती १८०२ साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी.

तिबेटात पाद्री गेले नाहीत. तिथे बादशहाने गणित शिकवून तयार केलेले लामा पाठवले. त्यांना कामगिरी होती ल्हासाच्या पुढे गंगेच्या उगमापर्यंत जाण्याची. पण त्याच सुमारास झुंगार मंगोलांची फौज तिबेटात घुसली, लामा मागे फिरले आणि पुढचा भाग त्यांनी ऐकीव माहितीवर काढला. परिणाम असा की गंगा कैलासाजवळच्या सरोवरांतून निघते असं नकाशात आलं. ते कागद पॅरिसला पोचले, द'आन्व्हिलने तसंच कोरून घेतलं आणि युरोपच्या नकाशांत आपली गंगामाई कित्येक दशकं तिबेटातून वाहत राहिली. १८०८ साली कंपनीने माणसं वर पाठवली तेव्हा कुठे ही चूक निस्तरली.

एका नकाशात किती जणांचे हात असतात बघा. मांचू बादशहाचा हुकूम, फ्रेंच पाद्र्यांची दुर्बीण, तिबेटी लामांची पायपीट आणि पॅरिसमधला एक नकाशाकार, ज्याने स्वतः चीन कधी पाहिला नाही. पण माणूस प्रामाणिक. खात्रीची माहिती नसेल तिथे जागा कोरी सोडायची, हत्ती-सिंहांची चित्रं काढून भरायची नाही, ही त्याची ख्याती. आफ्रिकेच्या त्याच्या नकाशात मधला भाग चक्क पांढरा आहे. आजच्या फेसबुकवर त्याचं काही खरं नव्हतं.

असो. मुद्द्यावर येतो. या नकाशात तिबेट-शिनजियांग नाही म्हणजे 'चीनचं पितळ उघडं पडलं' का?

नाही. आणि हे मी चीनचा पुळका म्हणून म्हणत नाही, हिशेबच तसा आहे.

त्या नकाशात मांचुरियाही नाही. मांचुरिया म्हणजे खुद्द राज्यकर्त्या घराण्याचं माहेर! 'नकाशात नाही म्हणजे ताब्यात नाही' असा नियम लावला तर १७३५ साली चीनचा बादशहा स्वतःच्याच घरात परका ठरतो. खरी गोष्ट साधी आहे. द'आन्व्हिलने भाग वेगवेगळे काढले: चीनचा वेगळा, 'चिनी तार्तरी'चा वेगळा, तिबेटचा वेगळा. १७३७ साली ते एकत्र संग्रहरूपात आले. मर्केलबाईंनी दिला तो त्यातल्या चीनच्या नकाशाचा अवतार. पुणे जिल्ह्याच्या नकाशात सातारा नसतो, म्हणून सातारा महाराष्ट्रात नाही असं कोणी म्हणत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. शिनजियांग १७३५ च्या कुठल्याच नकाशात चीनच्या ताब्यात दाखवता आला नसता, कारण तो जिंकला गेला १७५५ ते १७५९ या काळात, कांग्शीच्या नातवाच्या कारकिर्दीत. त्या नावाचा अर्थच मुळी 'नवा सीमाप्रांत' असा होतो. नावात 'नवा' आणि दावा प्राचीन! तिबेटात चिंग फौज शिरली १७२० साली, पुढे काही वर्षांत ल्हासात त्यांचे वकील बसले, पण कारभार तिथलेच लोक बघत होते. आजच्या भाषेत त्याला काय म्हणायचं यावर विद्वान अजून भांडतायत. आणि तैवान १६८४ पासून फुकियन प्रांताला जोडलेला, पण पाद्र्यांनी मोजला तो फक्त पश्चिमेकडचा अर्धा. डोंगरापलीकडचा अर्धा बादशहाच्या अमलात नव्हताच.

आणि ते वेगळ्या रंगाचे काठ? त्यावरून किती लोकांनी काय काय काढलं! आता जरा या नकाशांची बनावट समजून घ्या. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर टोकदार हत्याराने उलटं चित्र कोरायचं. पत्र्यावर शाई चोळायची, मग पुसून घ्यायची, की शाई फक्त कोरलेल्या रेघांत उरते. वर ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. कागद रेघांतली शाई उचलतो. (आपल्याकडे मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली ती अशाच कोरलेल्या ताम्रपटांवरून. पुण्याच्या तांबटाच्या हातचं काम, नाना फडणवीसांच्या प्रोत्साहनाने सुरू झालेलं. कधी बघायला मिळाली तर सोडू नका.) या पद्धतीत छापून येतं ते फक्त काळ्या रेघांत. रंग नंतर हाताने, ब्रशने, एकेका प्रतीवर भरले जात. म्हणजे एकाच पत्र्यावरून निघालेल्या दोन प्रतींत सीमेचे रंग वेगळे असू शकतात. त्यामुळे तैवानची कड कुठल्या रंगात आहे यावरून २०१४ मध्ये राजकारण करणं म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा रंगाऱ्याने वाटीतला कुठला रंग उचलला यावर आंतरराष्ट्रीय कायदा ठरवणं झालं.

थोडक्यात, जुना नकाशा हा सातबारा नव्हे. तो कोणीतरी, कोणासाठी तरी, त्या वेळी हाताशी असलेल्या माहितीवर केलेला कागद असतो. मालकी त्यातून सिद्ध होत नाही. पण काय माहीत होतं, काय नव्हतं, राज्य कुठे पोचलं होतं आणि कुठे फक्त नावाला होतं, हे समजायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही. आणि म्हणून तो बघितला पाहिजे. झाकला नाही पाहिजे.

मर्केलबाईंनी मुद्दाम दिला का, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. भेटीच्या तारखेकडे बघा. दहा दिवसांपूर्वी, १८ मार्चला, रशियाने क्रिमिया आपल्यात सामील करून घेतला होता. आदल्याच दिवशी, २७ मार्चला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेचा ठराव १०० विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला आणि ५८ देश तटस्थ राहिले. त्या ५८ मध्ये चीन होता. (आणि भारतही. हे फॉरवर्डवाले विसरतात.) युरोपचा नकाशा डोळ्यांदेखत बदलत असताना एखाद्या नेत्याच्या हातात नकाशाच ठेवायचा, यात काही अर्थ शोधायचा तर शोधता येतो. पण बाईंच्या मनात शिरण्यापेक्षा मला घेणाऱ्याची प्रतिक्रिया जास्त बोलकी वाटते. राजनैतिक भेटवस्तूचा अर्थ देणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो. शांत माणूस म्हणाला असता, "वा, आमच्या कांग्शी बादशहाच्या मोजणीचा कागद तीनशे वर्षं युरोपात फिरून घरी आला." काय सुंदर वाक्य झालं असतं! आणि खरंही. त्याऐवजी चित्र बदललं गेलं.

बहुतेक देश अशा वेळी जोखीमच घेत नाहीत. २०१८ मध्ये वुहानला मोदींनी शी यांना शू पेइहोंग या चिनी चित्रकाराच्या चित्रांच्या प्रतिकृती दिल्या. शू पेइहोंग शांतिनिकेतनात राहून गेलेले, म्हणजे भारताशी नातंही आलं आणि घोडा आणि चिमण्यांवर कोणाचा आक्षेपही नाही. उत्तम, सुरक्षित भेट. पण आपल्याला माहीत आहे की सुरक्षित भेटींनी सीमा सुरक्षित होत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये साबरमतीच्या काठावर दोघं झोपाळ्यावर बसले होते, तेव्हाच लडाखमध्ये चुमारला दोन्हीकडचं सैन्य समोरासमोर उभं होतं.

आता आपल्या घरात येतो. इथे काही जण चिडणार आहेत, पण चालेल.

जुन्या नकाशाच्या आड लपण्याचा चीनचा अनुभव आपण फार महागात घेतलाय. १९५४ मध्ये नेहरू चीनला गेले तेव्हा त्यांनी चाऊ एन लाय यांच्याकडे विषय काढला की तुमच्या नकाशांत आमचा मुलूख दाखवलेला दिसतो. चाऊंचं उत्तर: ते जुने, आधीच्या राजवटीतले नकाशे आहेत, आम्हाला दुरुस्त करायला अजून वेळ मिळालेला नाही. नेहरूंनी ते मानलं. चार वर्षांनी, १९५८ च्या जुलैत, 'चायना पिक्टोरियल' या त्यांच्या सरकारी मासिकात पुन्हा तसाच नकाशा आला. मग पत्रापत्री, मग १९६० मध्ये दोन्हीकडचे अधिकारी जुन्या नकाशांचे गठ्ठे घेऊन बसले, मग १९६२. म्हणजे सोयीचा असला की नकाशा 'प्राचीन पुरावा', अडचणीचा असला की 'जुना आहे हो, दुरुस्त करायचा राहिला', आणि २०१४ सारखा फारच अडचणीचा असला की गायबच. २०१९ मध्ये त्यांच्या छिंगदाओच्या सीमाशुल्क खात्याने परदेशी पाठवायचे सुमारे ३० हजार नकाशे नष्ट केले. कारण तैवान आणि अरुणाचल त्यांना हवं तसं दाखवलं नव्हतं.

पण आपण? आपणही १९५४ मध्येच ठरवलं की जुने नकाशे तपासून गरज पडेल तिथे मागे घ्यायचे आणि उत्तरेची सीमा पक्क्या रेघेने दाखवणारे नवे छापायचे. त्याआधीच्या आपल्या सरकारी नकाशांतही लडाखच्या पूर्वेला सीमा 'अनिश्चित' असं लिहिलेलं असे. हे सांगितलं म्हणून भारताचा दावा कमकुवत होतो असं मी म्हणत नाहीये, कमेंटमध्ये लगेच तलवारी उपसू नका. दावा नकाशावर उभा नसतोच. करार, महसूल, चराईचे हक्क, ये-जा, प्रत्यक्ष कारभार, यांवर उभा असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये, दिल्लीच्या जी-ट्वेंटीच्या तोंडावर, चीनने अरुणाचल आणि अक्साई चीन आत घेतलेला 'प्रमाण नकाशा' काढला तेव्हा जयशंकर यांनी हेच सांगितलं: असले दावे केल्याने दुसऱ्याचा मुलूख तुमचा होत नाही. शंभर टक्के बरोबर. मग हेच तत्त्व आपण घरी का वापरत नाही?

२०११ च्या मे महिन्यात 'द इकॉनॉमिस्ट'च्या भारतातल्या २८ हजार अंकांत काश्मीरच्या नकाशावर पांढरे स्टिकर चिकटवावे लागले होते. नकाशात काय होतं, तर प्रत्यक्ष ताबा कोणाकडे किती. म्हणजे आपल्या प्रत्येक जवानाला माहीत असलेली गोष्ट. २०१५ मध्ये अल जझीरा वाहिनी नकाशापायी पाच दिवस बंद. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असा कायदा आहे. २०१६ मध्ये तर एक मसुदा आला होता, चुकीच्या नकाशाला १०० कोटींपर्यंत दंड! नशिबाने तो बारगळला.

आणि मग २०२३ मध्ये नव्या संसद भवनात ते भित्तिचित्र आलं. नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश सगळीकडून प्रश्न आले की हा 'अखंड भारत' काय प्रकार आहे? आपल्या परराष्ट्र खात्याचं उत्तर: हे अशोकाच्या साम्राज्याचं चित्र आहे, इतिहास आहे. काठमांडूच्या महापौरांनी स्वतःच्या कार्यालयात 'बृहत् नेपाळ'चा नकाशा टांगून त्याला उत्तर दिलं. आपली अपेक्षा काय, तर आम्ही टांगलं की तो इतिहास आणि तुम्ही टांगलं की आगळीक.

एक कल्पना करा. याच द'आन्व्हिलने १७५२ साली फ्रेंच कंपनीसाठी हिंदुस्थानचाही मोठा नकाशा केला होता. समजा, उद्या फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी तो आपल्या पंतप्रधानांना भेट दिला. त्या काळचा हिंदुस्थान एका रंगात कसा असेल? अहो, १७३५ सालचा नुसता आजचा महाराष्ट्र घ्या. साताऱ्याला शाहू छत्रपती, कोल्हापूरला वेगळी गादी. औरंगाबादेत निजाम. जंजिऱ्यात सिद्दी, कुलाब्याला आंग्रे. वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे, मुंबई बेट इंग्रजांकडे. एवढ्याशा पट्टीत ब्रश किती वाट्यांत बुडवावा लागला असता! त्यावरून कोणी म्हणेल का, मुंबई महाराष्ट्राची नाही? (म्हणणारे म्हणतात, तो वेगळा विषय.) पण त्या रात्री टीव्हीवर काय चर्चा रंगली असती हे तुम्हीही जाणता आणि मीही. 'भारताचा अपमान?' प्रश्नचिन्हासकट. आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी वेबसाइटवर भलत्याच नकाशाचा फोटो.

माझ्या लहानपणी गावातल्या वाचनालयात एक जाडजूड परदेशी अ‍ॅटलास होता. कपाटाला कुलूप, ग्रंथपालकाकांकडे चावी. आशियाचं पान उघडलं की त्यावर जांभळ्या शाईत इंग्रजीतला शिक्का: या नकाशात दाखवलेल्या भारताच्या बाह्य सीमा बरोबरही नाहीत आणि अधिकृतही नाहीत. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल, पूर्वी बाहेरून येणाऱ्या पुस्तकांवर असायचाच. मी काकांना विचारलं होतं, चुकीचा आहे तर फाडत का नाहीत? ते म्हणाले, "फाडला तर काय चुकलंय ते तुला कसं कळणार?" मग त्यांनी शाळेचा नकाशा शेजारी ठेवला आणि दोन्हीतली रेघ कुठे वेगळी आहे ते शोधायला लावलं. अक्साई चीन हा शब्द मी पहिल्यांदा तिथे वाचला. शाळेत तोवर आम्ही प्लास्टिकच्या स्टेन्सिलने नकाशा काढत होतो. पेन्सिल फिरवली की झाला देश तयार. वरच्या टोकाला काय भानगड आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मला तो शिक्का आवडतो. लोक त्याची टिंगल करतात, पण त्यात एक सभ्यपणा आहे. तो म्हणतो, तुमचं म्हणणं हे आहे, आम्हाला ते मान्य नाही, आणि दोन्ही गोष्टी इथे वाचणाऱ्यासमोर आहेत. २०१२ मध्ये चीनने आपल्या पासपोर्टवर अरुणाचल घालून नकाशा छापला तेव्हा आपण त्याच धर्तीवर वागलो. त्यांचे पासपोर्ट नाकारत बसलो नाही. व्हिसा देताना त्यावर आपला नकाशा छापून दिला. इतकं साधं, इतकं नेमकं उत्तर आपल्याला सुचू शकतं. मग 'इकॉनॉमिस्ट'च्या पानावर पांढरं स्टिकर कशाला? शिक्का होता ना आपल्याकडे! शिक्का मारणारा देश आणि स्टिकर चिकटवणारा देश यांत फरक आहे, आणि २०१४ मध्ये चीनमध्ये जे झालं ते स्टिकरच्याही पुढचं, अख्खं पानच बदलण्याचं होतं. त्यावर हसायचं तर हसू या, पण मग आपल्या कायद्यातलं ते सहा महिन्यांचं कलम निदान जुन्या आणि अभ्यासाच्या नकाशांना लागू नाही असं स्पष्ट लिहायला सरकारला सांगू या. जुने नकाशे जमवणारे, त्यावर अभ्यास करणारे लोक महाराष्ट्रात आहेत. त्यांना प्रदर्शन भरवताना वकिलाचा सल्ला घ्यावा लागू नये. आणि दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात एखादा १७५२ चा नकाशाही येऊ द्या, खाली हवा तर शिक्का मारून.

तर, ग्रुपवर मी लिहिलं: "फोटो चुकीचा आहे. हा १८४४ चा इंग्रजी नकाशा आहे, मर्केलनी दिलेला १७३५ चा होता." आणि खाली दोन्ही नकाशांचे फोटो टाकले. ज्या मित्राने फॉरवर्ड पाठवला होता त्याने अंगठा दाखवला. पाच मिनिटांनी दुसऱ्याने लिहिलं, "पण भावना महत्त्वाची."

काल तोच फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. फोटो तोच. १८४४ चा.